अँबॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनावर दोन एसयू कार्बुरेटर बसवताना

जुन्या अँबॅसेडरमधलं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. १९५५ मध्ये आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये याच घराण्यातलं, याच क्षमतेचं इंजिन होतं आणि त्यावर दीड इंची दोन एसयू, म्हणजे एसयू या ब्रिटिश बनावटीचे, कार्बुरेटर (हवेत पेट्रोल मिसळून देणारा भाग) होते. पुढे एमजीबी या तिच्यानंतरच्या गाडीवरही दोनच आले. म्हणजे या हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) जोडी लावणं हा काही जुगाड नाही; कारखान्याने केलेलंच काम आहे, फक्त दुसऱ्या गाडीवर. हा लेख त्या कामापुरता आहे. १९९० च्या दशकात आलेल्या इसुझूच्या १८०० सीसी इंजिनाला किंवा डिझेल गाडीला यातलं मॅनिफोल्डचं (कार्बुरेटर आणि हेड जोडणाऱ्या नळ्यांचं) काही लागू पडत नाही. कार्बुरेटर उघडणं आणि जोडी जुळवणं मात्र एसयू असलेल्या कोणत्याही गाडीला तसंच आहे.

अपेक्षा आधीच ठरवून घ्या. एमजीएची जास्तीची ताकद नुसत्या कार्बुरेटरांतून आलेली नव्हती. तिथे कॉम्प्रेशन जास्त होतं, श्वास घ्यायला एक्झॉस्ट मोकळा होता. स्टँडर्ड अँबॅसेडरवर जोडी नीट बसली तर मधल्या आणि वरच्या आरपीएमला गाडी मोकळी पळते, पॅडलला लगेच उत्तर देते. मायलेज वाढत नाही. चुकीची बसली तर एकाच कार्बुरेटरची गाडी बरी होती असं वाटायला लावते.

कागदपत्रांचा मुद्दाही इथेच. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. तशी नोंदणी करायची असेल तर हे काम करण्याआधी आरटीओत विचारा. आणि काही झालं तरी जुना कार्बुरेटर, मॅनिफोल्ड, एअर क्लीनर, नटबोल्टसकट पिशवीत बांधून ठेवा. हेडला कुठेही नवं भोक पाडू नका. मग सगळं एका दिवसात परत फिरवता येतं.

काय विकत घ्यायचं

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एमजीबीचा इनलेट मॅनिफोल्ड आणि दीड इंची एचएस-४ (हे एसयूचंच मॉडेल) कार्बुरेटरांची जोडी. जोडी म्हणजे खरोखर जोडी. दोन वेगवेगळ्या गाड्यांवरून काढलेले दोन एचएस-४ शेजारी ठेवले म्हणून जोडी होत नाही. पुढच्या आणि मागच्या कार्बुरेटरचे लिव्हर आरशातल्यासारखे उलटे असतात. मॅनिफोल्डवर कार्बुरेटर तिरके बसतात आणि पेट्रोल साठवणारा फ्लोटचा डबा मात्र सरळ उभा राहिला पाहिजे, म्हणून त्याखाली ठराविक कोनाचा रबरी तुकडा असतो. तो चुकीच्या कोनाचा असला की फ्लोटची पातळी कितीही वेळा सेट करा, एक कार्बुरेटर ओव्हरफ्लो होत राहतो.

मागवायच्या यादीत हे असू द्या: दोन इन्शुलेटर ब्लॉक, हीट शील्ड, मॅनिफोल्डचं पॅकिंग, कार्बुरेटरची सहा पॅकिंग, दोन्ही कार्बुरेटरचं सर्व्हिस किट, थ्रॉटल आणि चोक जोडणाऱ्या दांड्या त्यांच्या क्लॅम्पसह, रिटर्न स्प्रिंगा, दोन एअर फिल्टर आणि इथेनॉल चालणारा ६ मिमी आतल्या व्यासाचा पेट्रोल पाइप. जुनं हीट शील्ड मिळालं आणि त्याच्या मागे पांढरट, तंतुमय थर चिकटलेला असला तर तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. खरवडू नका, नवं शील्ड घ्या.

पाने एएफ मापाचे (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर, इंचात) लागतात: ७/१६, १/२ आणि ९/१६ इंच. १३ चा मेट्रिक पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे तोच खातो.

आधी इंजिन

जुना कार्बुरेटर उतरवण्यापूर्वी इंजिन धड आहे का ते पाहा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर जोडी कधीच जुळणार नाही, कारण जुळवताना आपण पुढच्या दोन आणि मागच्या दोन सिलिंडरांची तुलना करत असतो. टॅपेट थंड इंजिनावर ०.३८ मिमी, म्हणजे १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). प्लगची गॅप ०.६४ मिमी, पॉइंटची साधारण ०.३८ मिमी. टायमिंग तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलप्रमाणे. कार्बुरेटरचा म्हणून सांगितला जाणारा निम्मा त्रास इथेच, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली निघतो.

कार्बुरेटर उघडणं

एसयूमध्ये एकच जेट (पेट्रोल येण्याचं भोक) आणि एकच सुई. वर घुमट, त्यात पिस्टन, पिस्टनला खाली सुई. इंजिनने हवा खेचली की पिस्टन वर जातो, निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि जास्त पेट्रोल येतं. सगळी करामत पिस्टन न अडकता वरखाली होण्यात आहे.

घुमट आणि पिस्टन एकमेकांना जुळवून घासलेले असतात. पुढच्याचा घुमट मागच्या पिस्टनवर कधीही घालू नका. उघडण्यापूर्वीच ‘पु’ आणि ‘मा’ अशी रंगाची खूण करा. घुमटाच्या आत एमरी किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही. पेट्रोलने पुसून, कोरड्या सुती फडक्याने साफ करा. पिस्टनच्या कडेला तेल लावायचं नाही. फक्त मधल्या दांड्यावर एक थेंब.

आता घसरणीची चाचणी. स्प्रिंग काढून पिस्टन घुमटात घाला, डॅम्परची (पिस्टनची हालचाल तेलाने मंदावणाऱ्या दांड्याची) टोपी लावा, पिस्टनच्या बुडाशी असलेली भोकं बोटांनी किंवा चिकणमातीने बंद करा आणि घुमट उलटा धरा, म्हणजे घुमट पिस्टनवरून खाली सरकेल. पूर्ण घसरायला ५ ते ७ सेकंद लागले पाहिजेत. दोन्ही कार्बुरेटरांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक दोन सेकंदांत पडतो आणि दुसरा पाच घेतो, तर ती जोडी गाडी चालवताना कधी एकत्र उघडणार नाही.

स्प्रिंग दोन्हींत एकाच रंगाची. एमजीबीला लाल, साडेचार औंसाची. सेकंडहँड जोडीत एक लाल आणि एक निळी निघणं नवल नाही. रंग उडाला असेल तर दोन्ही नव्या घ्या, त्या महाग नसतात.

थ्रॉटलचा (हवा कमी-जास्त करणाऱ्या चकतीचा) स्पिंडल दोन्ही टोकांना धरून वर-खाली हलवा. हलताना दिसला, तर त्या फटीतून हवा आत जाते. आयडलिंग कधी ७०० तर कधी १२००, पॅडल सोडल्यावर आरपीएम हळूहळू उतरणं, मिश्रण कितीही रिच (पेट्रोल जास्त) केलं तरी स्लोला, म्हणजे आयडलिंगला, मिस मारणं ही सगळी त्याची लक्षणं. सर्व्हिस किटने हे बरं होत नाही. नवा स्पिंडल घालून बघा. तरीही ढिलं असेल तर बॉडीची भोकं रीम करून बुश घालावे लागतात. हे काम चांगल्या टर्नरकडेच द्या, कारण दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत राहिली नाहीत तर स्पिंडल अडकतो. परत जोडताना थ्रॉटलची चकती बंद करून, हलकेच टिचकी मारून मध्यावर बसू द्या आणि मगच तिचे दोन स्क्रू घट्ट करा. त्या स्क्रूंची मागची टोकं चिरलेली असतात. ती फाकवायलाच हवीत. सुटलेला स्क्रू थेट इनलेट व्हॉल्व्हकडे जातो.

सुईच्या मानेवर बारीक अक्षरं कोरलेली असतात. भिंगाखाली वाचा, दोन्ही सुया एकाच नंबरच्या हव्यात. एमजीए १५०० ला जीएस सुई होती, सुरुवातीच्या एमजीबीला एमबी, नंतर ५ क्रमांकाची. १४८९ ला सुरुवात जीएसने करणं तर्काला धरून आहे. सुई पिस्टनमध्ये बसवताना तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट यावा. आत रुतलेली किंवा बाहेर आलेली सुई म्हणजे त्या कार्बुरेटरचं मिश्रण कायमचं वेगळं.

यानंतर जेट मध्यावर आणणं. नवशिके हेच टाळतात. स्प्रिंगवर झुलणारी सुई असेल तर याची गरज नाही, पण घट्ट बसवलेल्या सुईला आहे. मिश्रणाचा नट आणि त्यावरची स्प्रिंग काढा, स्प्रिंगशिवाय नट परत लावून जेट अगदी वर नेऊन ठेवा. जेटच्या बेअरिंगचा मोठा नट ढिला करा. पिस्टनला डॅम्परच्या भोकातून पेन्सिलीने हलकेच खाली दाबून धरा, म्हणजे सुई जेटला आपल्या जागी ओढून आणेल. तसंच धरून मोठा नट आवळा. आता पिस्टन बोटाने उचलून सोडा: ‘टक’ असा स्वच्छ धातूचा आवाज आला पाहिजे. जेट पूर्ण खाली ओढून पुन्हा तेच करा. वर असताना दबका आवाज आणि खाली असताना स्वच्छ आवाज येत असेल, तर सुई जेटला घासते आहे, परत करा. तीन-चार वेळा करावं लागणं नेहमीचं आहे. जमल्यावर स्प्रिंग घालून मिश्रणाचा नट पुन्हा बसवा.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो गेला. डब्याचं झाकण उलटं धरून, नीडल व्हॉल्व्ह बंद असताना, नायलॉनच्या फ्लोटचा लिव्हर आणि झाकणाची कडा यांत ३ ते ५ मिमी अंतर असावं. ड्रिलचं बिट मधे घालून मोजा. दोन्ही डब्यांत सारखं ठेवा. जेटची नायलॉन नळी डब्यात घालताना ती रबरी ग्लँडच्या साधारण ५ मिमी पुढे आली पाहिजे, नाहीतर तिथून थेंब थेंब गळतं, आणि खाली एक्झॉस्ट आहे.

मॅनिफोल्ड

या हेडला एकाच बाजूला पाच पोर्ट आहेत. दोन इनलेट, तीन एक्झॉस्ट. पहिला-दुसरा सिलिंडर एका इनलेटवर, तिसरा-चौथा दुसऱ्यावर. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्यामुळे एकाच पोर्टमधून लागोपाठ दोन सिलिंडर खेचतात आणि मग तो पोर्ट बराच वेळ रिकामा बसतो. म्हणूनच दोन्ही बाजूंना जोडणारी बॅलन्स नळी मॅनिफोल्डमध्ये असते. काही जण ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून ती बंद करतात. करू नका; आयडलिंगला इंजिन लंगडतं.

आधी पॅकिंग नुसतं हेडवर टेकवून पोर्ट आणि स्टड जुळतात का ते बघा. भारतात अनेक वर्षं बनलेल्या इंजिनांचं हेड कधी कोणी बदललं असेल सांगता येत नाही. मग इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन्ही पॅकिंगशिवाय बसवून पाहा. गाडीचं जुनं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नव्या इनलेटला आड येत असेल तर एमजीबीचंच घ्यावं लागेल, आणि मग खालचा डाऊनपाइप नव्याने करून घ्यावा लागेल. या खर्चाचा हिशेब आधीच धरा.

सर्वांत महत्त्वाचं माप इथलं आहे. स्टडवरचा एकच जाड वॉशर एका बाजूने इनलेटचा आणि दुसऱ्या बाजूने एक्झॉस्टचा फ्लँज दाबतो. दोन्ही फ्लँजची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरका बसतो, जाड फ्लँज दाबला जातो आणि पातळ मोकळा राहतो. व्हर्नियरने मोजा. फरक असेल तर जाड फ्लँज घासून घ्या किंवा पातळ फ्लँजवर योग्य जाडीची शिम द्या. मॅनिफोल्डचा चेहराही सपाट हवा. काचेवर ठेवून फीलर गेज घालून पाहा, वाकडा असला तर मशीनवर फेस करून घ्या.

नट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. शेवटचा टॉर्क १५ पाउंड-फूट, म्हणजे साधारण २० न्यूटन-मीटर. पॅकिंगला सिलिकॉन लावायचं नाही. पेट्रोलने ते फुगतं आणि तुकडे आत जातात.

कार्बुरेटर लावण्याचा क्रम मॅनिफोल्डपासून बाहेर असा: पॅकिंग, इन्शुलेटर ब्लॉक, पॅकिंग, हीट शील्ड, पॅकिंग, कार्बुरेटर. ब्लॉक वगळून जागा वाचवण्याचा मोह होतो. इथे एक्झॉस्ट बरोबर खाली आहे. ब्लॉक आणि शील्ड नसतील तर मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये पाच मिनिटं थांबल्यावर फ्लोटच्या डब्यातलं पेट्रोल उकळतं आणि गाडी परत चालू होत नाही. कार्बुरेटरचे नट फार आवळू नका. अ‍ॅल्युमिनियमचा फ्लँज वाकला की हवा खेचू लागतो.

बॉनेट बंद होतं का?

हे मोजून बघा, अंदाज नको. घुमटाच्या टोप्यांवर आणि फिल्टरच्या वरच्या कडेवर मळलेल्या कणकेचे गोळे ठेवा, वर प्लॅस्टिकचा कागद, आणि बॉनेट अलगद बंद करून उघडा. जिथे कणीक सर्वांत चपटी झाली तिथली जाडी मोजा. १२ मिमीपेक्षा कमी असेल तर पुरेसं नाही, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं आणि जोरात पॅडल दिल्यावर एका बाजूला झुकतं. माउंटिंगचं रबर जुनं, बसकं असेल तर आधी ते बदला.

बाजूची जागाही तितकीच बघा. फिल्टर आतल्या मडगार्डला टेकता कामा नये. फिल्टर घट्ट बसतो म्हणून तो काढून नुसती जाळी लावण्याचा सल्ला मिळेल. आपल्याकडच्या धुळीत घुमट महिन्याभरात अडकायला लागेल. पातळ फिल्टर शोधा. आणि फिल्टरचं पॅकिंग लावताना त्याची भोकं कार्बुरेटरच्या तोंडावरच्या दोन बारीक भोकांशी जुळतात का ते पाहा. पिस्टनच्या खालच्या बाजूला बाहेरची हवा तिथून मिळते. पॅकिंग उलटं लागलं तर ती बंद होतात, पिस्टन पूर्ण उठत नाही, आणि माणूस आठवडाभर सुया बदलत बसतो.

पेट्रोल

एसयूला जास्त दाब सोसत नाही. अडीच ते तीन पीएसआय पुरे. बाजारात मिळणारे इलेक्ट्रिक पंप बरेचदा ४ ते ७ पीएसआय देतात. तो लावला असेल तर रेग्युलेटर हवाच. नाहीतर नीडल व्हॉल्व्ह कितीही नवा असो, पेट्रोल ढकलून वर येतं. पंपानंतर फिल्टर, मग टी, आणि टीपासून दोन्ही डब्यांना पाइप. प्रत्येक जोडाला क्लिप. डब्यांच्या झाकणाच्या ओव्हरफ्लो नळ्या एक्झॉस्टपासून दूर, खाली चासीपर्यंत न्या. इंजिनाचा ब्रीदर आणि डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी यांची तोंडं कुठे आहेत ते पाहा. न वापरलेलं प्रत्येक तोंड रबरी टोपीने बंद करा. एक उघडं राहिलं तरी पुढचं सगळं ट्यूनिंग फुकट.

पहिल्यांदा चालू करताना ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी असू द्या. पेट्रोल एक्झॉस्टच्या वर आहे, हे विसरायचं नाही.

दांड्या आणि केबल

दोन्ही स्पिंडलच्या मधे थ्रॉटलची जोडदांडी. तिच्या पिना कार्बुरेटरवरच्या फॉर्कमध्ये फिरतात. पिन आणि फॉर्कची खालची कडा यांत ०.३ मिमी, म्हणजे १२ थाऊ, मोकळी जागा ठेवूनच क्लॅम्प आवळायचे. दोन्ही बाजूंना सारखी. ही जागा नसेल तर एक थ्रॉटल दुसऱ्याला पूर्ण बंद होऊ देत नाही आणि स्लोचे स्क्रू फिरवून काही फरक पडेनासा होतो.

प्रत्येक स्पिंडलला स्वतंत्र रिटर्न स्प्रिंग. मग कोणाला तरी पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि फिल्टर काढून आत बघा: दोन्ही चकत्या पूर्ण आडव्या झाल्या पाहिजेत. पॅडल सोडल्यावर दोन्ही थाडकन बंद व्हायला हव्यात. पुन्हा एकदा, इंजिन हाताने हलवून बघा. केबल किंवा रॉड ताणला जात असेल तर रस्त्यावर आपोआप रेस होईल.

जुळवणी

क्रम महत्त्वाचा आहे: आधी हवा, मग मिश्रण, मग पुन्हा हवा. मिश्रणापासून सुरुवात केली तर दोन्ही बाजू एकमेकींच्या चुका झाकतात आणि तासाभराने सगळं सुरुवातीपेक्षा वाईट होतं.

१. मिश्रणाचे नट वर फिरवून दोन्ही जेट कार्बुरेटरच्या पुलाच्या (जेट ज्यातून वर येतं त्या आतल्या उंचवट्याच्या) पातळीला आणा. मग दोन्ही षटकोनी नट १२ बाजू, म्हणजे पूर्ण दोन फेरे, खाली. नट खाली गेला की जेट खाली आणि मिश्रण रिच.

२. दोन्ही डॅम्परमध्ये एसएई २० तेल. टोपी खाली बसवताना घुमटापासून साधारण ६ मिमी वर असताना बोटाला विरोध जाणवायला लागला की तेल पुरेसं. ब्रेक ऑइल अजिबात नको. तेल कमी असेल तर एकदम पॅडल दिल्यावर गाडी क्षणभर गचका खाते.

३. स्लोचे दोन्ही स्क्रू थ्रॉटल बंद होईपर्यंत सोडा, नुसते टेकतील असे आणा, मग एकेक फेरा आत.

४. इंजिन चालू करा आणि खरोखर गरम होऊ द्या. पंधरा मिनिटं रस्त्यावर चालवून आणलेलं उत्तम.

५. थ्रॉटल आणि चोकच्या जोडदांड्यांचे क्लॅम्प ढिले करा, म्हणजे दोन्ही कार्बुरेटर सुटे होतील.

६. हवा. फ्लो मीटर असेल तर छान. नसेल तर हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं आधी एका कार्बुरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या, दोन्हीकडे नेमक्या त्याच जागी. सूं आवाज सारखा होईपर्यंत स्लोचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. आयडलिंग ८०० च्या आसपास ठेवा.

७. मिश्रण. कार्बुरेटरखालच्या पिनेने एका वेळी एकच पिस्टन ०.८ मिमी उचला. जेमतेम. आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर तो कार्बुरेटर रिच आहे. नट एक बाजू वर. आरपीएम पडले किंवा इंजिन बंद पडलं तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. एक बाजू खाली. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आले तर बरोबर. एका वेळी एकच बाजू फिरवा, आणि फिरवल्यावर नट वर दाबून ठेवा म्हणजे जेट खरंच सरकतं.

८. दर तीन मिनिटांनी अर्धा मिनिट २५०० आरपीएमवर रेस द्या. नाहीतर प्लग भिजतात आणि तुम्ही भिजलेल्या प्लगचं ट्यूनिंग करत राहता.

९. हवा पुन्हा तपासा. मिश्रण बदललं की ती थोडी सरकलेली असते.

१०. क्लॅम्प आवळा, वरची १२ थाऊची जागा राखून. आता १५०० आरपीएमवर धरून नळीने परत ऐका. स्लोला सारखं आणि इथे वेगळं असेल तर जोडदांडी एका बाजूला आधी ओढते आहे.

११. शेवटी चोक. दोन्ही जेट एकाच क्षणी खाली सुटले पाहिजेत, आणि चोक आत ढकलल्यावर दोन्ही पूर्ण वर यायला हवेत. बोटाने वर ढकलून खात्री करा. नायलॉनची नळी ताठ झाली असेल तर एक जेट मधेच लटकतं आणि गाडी विनाकारण काळा धूर टाकते.

बिघाड ओळखताना

दहा किलोमीटर एकाच वेगाने चालवून, इंजिन बंद करून प्लग काढा. १ आणि २ पुढच्या कार्बुरेटरचे, ३ आणि ४ मागच्याचे. पहिले दोन काळे आणि शेवटचे दोन करडे असतील तर पुढचा रिच. चारांपैकी एकच वेगळा असेल तर दोष कार्बुरेटरचा नाही. टॅपेट, प्लग, वायर बघा.

हवा खेचते का ते बघायला जोडांवर पेट्रोल शिंपडणारे आहेत. गरम एक्झॉस्टवर हे करणं वेडेपणा आहे. इंजिन थंड असताना, चालू केल्याबरोबर, ब्रशने थोडं इंजिन ऑइल जोडावर लावा. आयडलिंग बदललं तर जागा सापडली.

नट कितीही फिरवला तरी पिनेची चाचणी दाद देत नसेल तर थांबा. स्पिंडलची हवा, अडकलेला पिस्टन, फ्लोटची पातळी, याच क्रमाने मागे जा.

ई-२० चं काय

आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, आणि हे कार्बुरेटर त्याच्या कित्येक दशकं आधीचे. दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला मालाचा: जुने रबरी पाइप मऊ पडतात, बुचाच्या सीलमधून गळायला लागतं, म्हणून व्हिटॉन टोकाचा नीडल व्हॉल्व्ह आणि इथेनॉल सोसणारे पाइप. दुसरा मिश्रणाचा. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ला एक. ई-२० ला ते साडेतेराच्या आसपास येतं. म्हणजे जुन्या पुस्तकातली सुई आज सगळीकडे जराशी लीन पडते. स्लोला हे एक-दोन बाजूंनी भरून निघतं. पण चढावर किंवा ८० च्या वेगाला गाडी ओढत नसेल, प्लग पांढरट दिसत असतील, तर नट फिरवून उपयोग नाही, त्या पट्ट्यात जास्त रिच असलेली सुई लागते. दोन्हीकडे एकदम बदला.

उलट, पुण्यात जुळवलेली गाडी महाबळेश्वरला नेली तर हवा विरळ असल्याने थोडी रिच पडेल. त्यासाठी नटाला हात लावू नका, घाट उतरल्यावर ती पुन्हा जागेवर येते.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर फ्लोटचे डबे रिकामे करून ठेवा. परत काढल्यावर तळाशी पांढरी भुकटी दिसली तर जेट धुऊनच चालू करा.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, मॅनिफोल्डचे नट पुन्हा टॉर्कवर आणा. पॅकिंग तोवर बसलेलं असतं आणि बहुतेक नट पाव फेरा घेतात. त्यानंतर हवा एकदा ऐका, डॅम्परचं तेल बघा, क्लॅम्प हलवून पाहा.